काकूंच्या गिरणीची पूजा

मी लग्नं शूट करतो. म्हैसुरात आणि आजूबाजूला, अगदी नंजनगूडपर्यंत, कुणाकडे लग्न, मुंज, बारसं असलं आणि चांगला माणूस मिळाला नाही, की माझा नंबर लागतो. शाळा सातवीपर्यंत झाली, तीही कन्नडमध्ये. मराठी घरात बोलतो तेवढंच. वाचायचं म्हटलं तर दुकानाची पाटी, तीही मोठ्या अक्षरातली. हेसुद्धा मी फोनमध्ये बोललोय, लिहून दुसऱ्यानं काढलंय. आमचे कोण पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते असं घरात सांगतात. असतील. त्यांचा वंशज मात्र वरनं शॉट घ्यायला स्टुलावर चढला की बायको खालून स्टूल धरते.

असला माणूस डॉक्युमेंटरीत कसा आला, तर इथल्या बोगादी भागात राहणाऱ्या ताईंमुळं. ताई मूळच्या पुण्याच्या. इथं कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतात आणि शनिवार-रविवारी फिल्म बनवतात. त्यांना म्हैसूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांवर फिल्म करायची होती. तलवारी नकोत, पगड्या नकोत, म्हणाल्या. आता ही माणसं काय करतात, कशी राहतात, बायका काय कमावतात, कोण कुणाला काय करू देत नाही, ते दाखवायचं. एका लग्नात त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. पंगतीत मी एका आजोबांना लाडवाचा घास परत घ्यायला लावला, कारण पहिला घास फोकसमध्ये नव्हता. आजोबांनी मला आमच्या घरच्या मराठीत, मधे कन्नड मिसळून, भरपूर शिव्या दिल्या. मीही त्याच भाषेत हसत उत्तर दिलं. ताई बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी माझा नंबर घेतला. मला वाटलं शूटिंग आवडलं. खरं म्हणजे त्यांना गल्लीत आत शिरवणारा माणूस हवा होता. मला कॅमेरा धरता येतो हे वरचं.

ताईंचा पहिला नियम, कुणाला काही सांगायचं नाही. असं बसा, तसं बघा, हसा, परत करा, यातलं काही नाही.

"मग मी तिथं काय करायचं?" मी विचारलं.

"बघायचं, दादा."

"नुसतं?"

"नुसतं बघणं सोपं नसतं."

मला ते तेव्हा पटलं नाही. मी आयुष्यभर माणसांना "इकडे बघा" म्हणून पोट भरलंय. नवरीला रडायलासुद्धा मीच सांगतो, कारण खरी रडते तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून रडते.

फिल्ममध्ये आमच्या गल्लीतल्या काकू असाव्यात हे ताईंनी पहिल्याच दिवशी ठरवलं. या काकू कुणाच्या सख्ख्या काकू नाहीत, सगळ्या गल्लीच्या. त्यांची पिठाची गिरणी आहे. काका होते तेव्हा काका चालवायचे. ते गेल्यावर काकूंनी गिरणी हातात घेतली. पट्टा चढवणं, दगडांना टाकी लावणं, मोटार तापली की तिला वारा घालणं, सगळं त्याच करतात. मशीन अडलं की त्याला शिव्या कन्नडात, चाललं की शाबासकी मराठीत. गहू, रागी, ज्वारी, मिरची, गल्लीचं सगळं तिथं दळलं जातं. त्यावर त्यांचं घर चालतं, दुसरं काही नाही.

शूटिंगच्या आदल्या दिवशी मी काकूंना फोन करून सांगितलं, उद्या येतोय, फिल्म आहे, स्वल्प नीट आवरून ठेवा. दुसऱ्या दिवशी ताईंना घेऊन गेलो तर काकू रेशमी साडी नेसून उभ्या. आणि गिरणी पाण्यानं धुतलेली. भिंती पुसलेल्या, जळमटं गेलेली, जमीन अशी की पाय घसरावा. ताईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"पीठ कुठं आहे?"

"पुसलं," काकू म्हणाल्या. "यानंच सांगितलं, नीट आवर म्हणून."

ताई माझ्याकडं बघत राहिल्या. मी ट्रायपॉडचा स्क्रू घट्ट करत राहिलो. तो आधीच घट्ट होता. पिठाच्या गिरणीत पीठ परत उडून बसायला वेळ लागतो हे मला त्या वेळी कळलं. आम्ही पुढच्या रविवारी आलो, आणि मग त्याच्या पुढच्या.

दसरा जवळ आला तेव्हा ताईंनी काकूंना गिरणीत बसवून प्रश्न विचारले. कॅमेऱ्यामागं मी. ताई अगदी साधं विचारतात, पण माणूस अडकतो.

"हे मशीन कुणाचं?"

"माझंच की. अजून कुणाचं?"

"दसऱ्याला याची पूजा कोण करतं?"

काकूंनी बंद पट्ट्यावरनं हात फिरवला. मी तोंड उघडलं होतं, "काकू, हसा" म्हणणार होतो. ताईंनी माझ्या पायावर पाय दिला.

आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. ज्या त्या माणसाची जी ती हत्यारं. रिक्षावाल्याची रिक्षा, गवंड्याची थापी, शिंप्याचं मशीन, सगळं धुऊन, गंध-कुंकू लावून, शेवंतीचे हार घालून पूजेला ठेवतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्यारांनासुद्धा सुट्टी. काकूंच्या गिरणीची पूजा मात्र काका गेल्यापासून त्यांचे दीर करायचे. ते नंजनगूडच्या कारखान्यात आहेत. सकाळी तिथली पूजा उरकून ट्रेननं यायचे, गिरणीला हार-कुंकू करायचे, कोहळा फोडायचे. आणि तेवढा वेळ काकू रस्त्याच्या पलीकडं शिंप्याच्या पायरीवर उभ्या राहायच्या. विधवा बाईनं कुंकवाच्या कामात पुढं यायचं नाही म्हणून. वर्षभर मशीनच्या पोटात हात घालायचा, आणि त्या एका दिवशी पलीकडनं बघायचं. मी हे दरवर्षी बघत होतो. चुरमुऱ्याचा प्रसाद खात बघत होतो. त्यात काही विचित्र आहे हे ताईंचा प्रश्न येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या डोक्यात तसं फारसं काही येत नाही.

ताई गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "यंदा मी करते."

"काय?"

"पूजा. मशीन माझं, पूजा मी करते. तू शूट कर."

मी लगेच भाषण ठोकलं. करा काकू, बिनधास्त करा, सुम्ने, उगीचचे रिवाज आहेत हे, कोण विचारतंय आजकाल. हे बोलायला काही लागत नाही.

"गल्ली विचारेल," काकू म्हणाल्या. "बाजाराजवळ नवी गिरणी झालीय. बटण दाबलं की चालते. बायकांना तिकडं जायला निमित्तच पाहिजे. या बाईनं अपशकून केला म्हटलं की झालं. मग हा पट्टा काय मी गळ्यात घालू?"

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं, आणि तरी करायचं होतं.

आता घोळ असा, की ताईंना दसऱ्यासाठी पुण्याला सासरी जावं लागलं. फोनवर मला तीनतीनदा सांगितलं, "दादा, तुम्ही एकटेच आहात. कॅमेरा लावा, आणि काही बोलू नका. काहीही झालं तरी बोलू नका." मी म्हटलं, काळजीच करू नका.

पूजेच्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आलो तर बायकोनं पाट मांडलेला. पाटावर माझा कॅमेरा. लेन्सच्या काचेवर मधोमध गंध, त्यावर कुंकू. गळ्यात शेवंतीचा हार. शेजारी लाइट, ट्रायपॉड, चार्जर, आणि माझी सेल्फी स्टिक, तिलाही हार. आमच्या घरात हे दरवर्षी होतं. दरवर्षी मी कौतुकानं बघतो. आज शूटिंग आहे हे मला माहीत होतं, आज आयुधपूजा आहे हेही माहीत होतं, पण या दोन गोष्टी एकाच कॅमेऱ्याच्या आहेत हे तेव्हा डोक्यात शिरलं. आमच्या धंद्यातली एवढी साधी चूक फक्त म्हैसूरचा माणूस करू शकतो, आणि त्यातही मीच.

"हात लावायचा नाही," बायको म्हणाली.

मी तसाच रिकाम्या हातानं काकूंकडं गेलो. काकूंनी गिरणी झाडून ठेवली होती. केळीचे खांब बांधले होते, ताट तयार होतं. साधी सुती साडी, रोजची.

"कॅमेरा कुठंय?"

"पूजेत आहे."

"मग काढ."

"उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नसतो ना, काकू. फोनमध्ये घेतो. फोनमध्ये पण चांगलं येतं."

"लग्नात बायकांच्या बांगड्या मोजायला मोठा कॅमेरा, आणि माझ्या पूजेला फोन?"

"तसं नाही. उगाच काही झालं तर. माझा सीझन आहे पुढं."

काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "चार दिवस तू मला सांगतोयस, घाबरू नका, सुम्ने रिवाज आहे. आणि आता तुला भीती वाटतेय?"

"ते तुमच्यासाठी सांगत होतो," मी म्हटलं.

हे मी खरंच म्हणालो. तोंडातनं निघून गेलं आणि ते ऐकायला मीच समोर उभा होतो. काकूंनी पदरानं ताटाचा काठ पुसला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो. पाटासमोर उभा राहिलो. बायको स्वयंपाकघरातनं बघत होती. मी सगळं सांगितलं, काकू काय करणार आहेत ते, आणि मी काय म्हणालो तेही. तिनं हात पुसले, बाहेर आली.

"ते बोललात तुम्ही? तोंडावर?"

"हं."

"तुम्हाला फिल्मवाले लोक कशाला घेतात कोण जाणे." थोडा वेळ ती कॅमेऱ्याकडं बघत राहिली. "नमस्कार करा आधी. मग घ्या. हार काढू नका. आणि काही झालं तर माझ्यावर ढकलायचं नाही."

मी नमस्कार केला आणि कॅमेरा उचलला. काही झालं नाही. लेन्सवरचं गंध शर्टाच्या टोकानं पुसलं, ते निम्मं निघालं, निम्मं काचेवर पसरलं. आणि हार घातलेला कॅमेरा पोटाशी धरून मी गल्लीतनं पळालो. पळताना पाकळ्या पडत होत्या. शिंपी म्हणाला, "दसऱ्याची मिरवणूक उद्या असते ना?"

काकू वाट बघत होत्या. मला बघून त्यांनी ताट उचललं. मी रेकॉर्डिंग चालू केलं, आणि ताईंनी सांगितल्यासारखं गप्प उभा राहिलो. काकू मशीनसमोर गेल्या आणि थांबल्या. त्या मशीनचा नट-बोल्ट त्यांना माहीत, पण कुंकू नक्की कुठं लावतात ते माहीत नव्हतं. दरवर्षी पलीकडच्या पायरीवरनं बघितलेलं, मधे दिराची पाठ. मग त्यांनी आपल्या मनानं सुरुवात केली. मोटारला लावलं. पट्ट्याच्या चाकाला लावलं. धान्य ओततात त्या पत्र्याच्या डब्याला. दगडाला टाकी लावायच्या छिन्नीला, हातोडीला. पीठ झाडायच्या कुंच्यालासुद्धा. बोटावर थोडं कुंकू उरलं. ते कुठं पुसावं हे त्यांना कळेना. शेवटी भिंतीला पुसलं.

आरती पेटवली, आणि तेवढ्यात दारात त्यांचे दीर, अण्णा, उभे. ट्रेन वेळेवर आली होती. एरवी कधी येत नाही. हातात पिशवी, पिशवीत नारळ-लिंबं, काखेत कारखान्यात मिळालेला मिठाईचा डबा.

"वैनी, हे काय चाललंय?"

काकूंच्या हातात आरतीचं ताट. ते त्यांनी खाली ठेवलं नाही. अण्णा दारात, काकू आत. मी कॅमेऱ्यातनं बघत होतो. ताईंच्या हिशोबानं हा सोन्यासारखा क्षण. गप्प राहायचं, बघायचं. पण मी वीस वर्षं लग्नं केलेला माणूस. फ्रेममध्ये दोन माणसं आहेत, एक अर्धवट कापला जातोय, आणि सगळे गप्प आहेत, हे माझ्यानं बघवत नाही. माझं तोंड आपोआप उघडलं.

"अण्णा, फ्रेमच्या बाहेर जाताय. स्वल्प आत या. वैनींच्या उजवीकडे."

आणि अण्णा आले. आता हे समजून घ्या, अण्णा माणूस असा की कुठल्याही लग्नाच्या फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे ते असतातच, मग ते नवऱ्याकडचे असोत की नसोत. त्यांनी डबा खाली ठेवला, शर्ट खोचला, केसांवरनं हात फिरवला आणि काकूंच्या उजवीकडं उभे राहिले.

"नारळ हातात घ्या. माझ्याकडं नको, आरतीकडं बघा. हं. काकू, तुम्ही ओवाळा."

काकूंनी ओवाळलं. अण्णा नारळ धरून उभे. मधेच त्यांच्या लक्षात आलं असावं आपण काय करतोय ते, कारण त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता, आणि लाल दिव्यासमोर अण्णांनी आयुष्यात कधी जागा सोडलेली नाही. आरती झाल्यावर काकूंनी कोहळा उचलला आणि त्यांच्यापुढं धरला.

"भाऊजी, हा तुम्ही फोडा. माझं मनगट दुखतंय."

त्याच मनगटानं काकू गव्हाचं पोतं ओढतात, हे तिथं तिघांनाही माहीत होतं. अण्णांनी कोहळा घेतला, दाराबाहेर जाऊन फोडला, चांगला जोरात. आत येऊन चुरमुरे घेतले. जाताना म्हणाले, "फोडला मी. पण वैनी, उद्या दळायला कोण येतंय ते बघा. मी सांगितलं नव्हतं असं नंतर म्हणू नका."

काकू नुसतं "हं" म्हणाल्या.

ताईंनी हे पुण्याहून आल्यावर बघितलं. बोगादीच्या त्यांच्या घरी, लॅपटॉपवर. माझा आवाज आला, "स्वल्प आत या", आणि ताईंनी कपाळावर हात मारला. परत मागं घेऊन बघितलं. परत बघितलं. मग हसायला लागल्या. मी म्हटलं, आवाज कापता येईल, मी शिकलोय ते. तर म्हणाल्या, कापायचा नाही, राहू दे. म्हणून आमच्या फिल्ममध्ये कॅमेऱ्यामागचा एक मूर्ख माणूस बोलतो आणि लोक हसतात, तो मी. काकूंच्या चेहऱ्याभोवती पिवळट धुकं आहे त्याबद्दल बेंगळुरूच्या एका फिल्मवाल्यानं विचारलं, हा कुठला फिल्टर. ताई म्हणाल्या, चंदन. तो समजल्यासारखी मान हलवत होता.

पण ते नंतरचं. दसऱ्याच्या सकाळी मी गिरणीत पोचलो तेव्हा काकू एकट्या बसल्या होत्या. पट्टा चढवलेला, मशीन तयार, पायरीवर पाणी मारलेलं. कोपऱ्यात कॅमेरा लावून मीही बसलो. एरवी सणाच्या सकाळी तिथं डब्यांची रांग असते. त्या दिवशी कुणी नाही. समोरनं एक बाई डबा घेऊन गेली, आमच्याकडं बघितलं आणि बाजाराच्या दिशेनं गेली. काकूंनी ते बघितलं. मीही बघितलं. कॅमेऱ्यानंही बघितलं असणार.

"सगळे मिरवणुकीला गेले असतील," मी म्हटलं. "हत्ती बघायला."

"हत्ती दुपारी निघतात."

"जागा धरायला लवकर जातात ना."

"मगा, पोरा, तू गप्प बस. तुला ताईंनी सांगितलंय ना."

मी गप्प बसलो. काकू मोटारीकडं बघत बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "काल हात लावला तेव्हा गरम नव्हती ती. एरवी तापली की मी तिला हात लावते. गार असते हे माहीत नव्हतं."

मग माझी बायको आली. रागीचा डबा डोक्यावर. "पीठ संपलंय," म्हणाली. "यांच्या सिनेमानं रागीच्या मुद्द्याचा गोळा शिजत नाही." काकूंनी खटका ओढला, पट्टा फिरायला लागला, आवाज गल्लीभर झाला. बायकोच्या चेहऱ्यावर पीठ उडालं. काकू मोठ्यानं म्हणाल्या, "तू घरची. तुझं गिऱ्हाइकात धरत नाही मी."

"धरू नका. पण माझं बारीक दळा."

रागी दळून झाली. काकू मशीन बंद करणार, एवढ्यात दारात अण्णा. खांद्यावर गव्हाचा मोठा डबा, आणि चेहरा असा, की जणू पोलिसांनी पकडून आणलंय.

"तुमच्या जावेनं पाठवलंय," काकूंकडं न बघता म्हणाले. "रात्रभर माझं डोकं खाल्लं. काल तुम्ही कोहळा फोडलात तर आज गहू दुसरीकडं का न्यायचे, म्हणते."

काकूंनी डबा हातात घेतला नाही. बोटानं वजनकाटा दाखवला.

"तिथं ठेवा. जाडं की बारीक?"

"ते तिनं सांगितलं नाही."

"मग विचारून या."

"वैनी, एवढ्या लांबून आलोय."

"फोन आहे ना तुमच्याकडं. करा." आणि मग त्यांनी मान वाकडी करून अण्णांच्या मागं बघितलं. "आणि भाऊजी, बोलायचं ते बाजूला उभं राहून बोला. दार अडवू नका."

मी कॅमेरा दाराकडं फिरवला. पायरीवर शिंप्याची सून मिरच्यांची पिशवी घेऊन उभी होती, आणि तिच्या मागं आणखी एक बाई, ज्वारीचा डबा खाली ठेवून, कमरेवर हात देऊन. "लवकर करा हो काकू," ती म्हणाली, "मला हत्तींना जायचंय." काकूंनी अण्णांचा गहू वर ओतला.